पाहुण्या पेयाला घरचं वळण

उन्हाळा आला की आपल्या घरातल्या पेयांची यादी ठरलेली असते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं, दुपारी आलेल्या पाहुण्याला लिंबाचं सरबत, जेवणानंतर ताक. घरात कोकणातली सून आली असेल, तर सोलकढी. या यादीत अलीकडे एका नव्या नावाची भर पडली आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच ट्रेमधून जे पेय पुढे येतं, त्यात पांढरट पिवळं, घट्टसर, बर्फाच्या चुऱ्यासारखं लागणारं एक असतं. अननसाचा वास आणि नारळाची चव. हॉटेलांच्या कार्डावर त्याचं नाव असतं 'पिना कोलाडा'. मुलं ते एकदा पितात आणि घरी आल्यावर 'आई, ते कर ना!' म्हणून भुणभुण लावतात.

करायला काहीच हरकत नाही. मिक्सर आणि फ्रीज असलेल्या कुठल्याही घरात ते उत्तम होतं. विकतच्या पेयात पुष्कळदा नुसता इसेन्स आणि पाकच असतो, त्यापेक्षा तर कितीतरी चांगलं होतं. पण स्थळ सांगून आलं की आपण आधी घराण्याची चौकशी करतो ना? तशी याचीही करू या. कारण या स्थळाची एक गोष्ट आधीच कानावर घातलेली बरी. मूळ पेयात रम असते.

कुळकथा

हे पेय वेस्ट इंडीजच्या बाजूच्या पोर्तो रिको बेटावरचं. तिथल्या सान हुआन शहरात 'कारिबे हिल्टन' नावाचं हॉटेल आहे. तिथे पेयं तयार करणाऱ्या रामोन मारेरो यांनी १९५४ साली ते पहिल्यांदा केलं, असं हॉटेल सांगतं. त्याच शहरातलं एक जुनं उपाहारगृह मात्र तो मान स्वतःकडे घेतं. १९७८ साली पोर्तो रिकोने हे आपलं अधिकृत पेय म्हणून जाहीरही केलं. स्पॅनिश भाषेत नावाचा अर्थ अगदी साधा आहे, 'गाळलेला अननस'.

या पेयाचं खरं श्रेय मात्र एका प्राध्यापकाला द्यायला हवं. पोर्तो रिकोच्या विद्यापीठातल्या रामोन लोपेझ इरिसारी यांनी नारळाच्या दुधाची दाट साय काढून ती साखरेत मुरवायची आणि डब्यात भरायची कृती बसवली. 'कोको लोपेझ' या नावाने ती विकली जाऊ लागली. नारळ खवण्याचं आणि पिळण्याचं काम वाचलं, म्हणूनच हॉटेलात हे पेय झटपट करता येऊ लागलं. नारळ खवून खवून बोटं सोलवटलेल्या आपल्यासारख्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

आता यातली गंमत पाहा. अननस हे मूळचं दक्षिण अमेरिकेचं फळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणलं. 'अननस' हा शब्दसुद्धा त्यांच्याच तोंडून आपल्याकडे आला. आणि वेस्ट इंडीजच्या किनाऱ्यावर चित्रात दिसणारी नारळाची झाडं? ती तिथली नव्हेत. तीही युरोपातून येणाऱ्या जहाजांनी तिकडे नेली. जगभरच्या नारळांच्या जनुकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अटलांटिकच्या बाजूच्या नारळांचं मूळ आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचं आहे, असं त्यात आढळलं. म्हणजे त्यांचं फळ आपल्याकडे आलं आणि आपल्या बाजूचं फळ त्यांच्याकडे गेलं. या परदेशी पाहुण्याचं आजोळ आपल्याच बाजूला निघालं की!

ओटीच्या नारळाला नवी वाट

मी राहते ते काष्टी श्रीगोंदा तालुक्यातलं, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. आमच्या गावचा शनिवारचा बैलबाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना माहीत आहे. इथे शिवारात ऊस आहे, लिंबाच्या बागा आहेत. पण नारळ-अननस बाहेरगावाहून येतात. तरीही घरोघरी फडताळात चार-दोन नारळ असतातच. ते ओटीचे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, नवरात्र. बाई कुठेही जाऊन आली की पदरात नारळ घेऊन येते. बर्फी किती करणार आणि चटणी किती वाटणार? मग एखादा नारळ कोपऱ्यात राहतो आणि फोडावा तर खवट निघतो. तेव्हा यातला एक या पेयाला द्या. साखर आणि लिंबू आमच्याकडे तालुक्यातलंच मिळतं. बाजारातून आणायचा तो फक्त अननस.

नारळ कानाशी धरून हलवा. पाणी खळखळून वाजलं तर घ्या. फोडल्यावर पाणी चाखा. ते आंबूस लागलं, किंवा खोबऱ्याला तेलकट वास आला, तर तो या कामाचा नाही. अननस हाताला जड लागणारा आणि पानांच्या तुऱ्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे बुडाशी, गोड वास येणारा निवडा. बूड मऊ पडलं असेल तर तो उतरलेला समजा.

साहित्य (चार ग्लासांसाठी)

पिकलेला मध्यम अननस १ (साफ केलेल्या फोडी साधारण अर्धा किलो), मोठा नारळ १, साखर ५ ते ६ मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, गरम पाणी दीड वाटी. बर्फ? बर्फ नाही. हीच यातली मेख आहे.

कृती

आदल्या दिवशी संध्याकाळी अननस सोला. डोळे तिरप्या रेषेत असतात, तशाच तिरप्या खाचा पाडून ते काढा, म्हणजे गर फुकट जात नाही. मधला कडक दांडा काढा. बोराएवढ्या फोडी करा. स्टीलच्या ताटलीत त्या एकमेकींना न चिकटता पसरा, वर एक चमचा साखर भुरभुरवा आणि ताटली रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. ढीग करून ठेवलंत तर सकाळी एक मोठा दगड हातात येईल आणि मिक्सरचं पातं रडेल.

खोबरं खवून घ्या. त्यावर गरम, पण उकळतं नव्हे असं दीड वाटी पाणी घालून दहा मिनिटं झाका. मग मिक्सरमधून फिरवून मलमलच्या स्वच्छ कापडातून घट्ट पिळा. हे दूध उभट भांड्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी त्यावर दुधासारखी जाड साय आलेली दिसेल. खोबरेल थंडीत गोठतं, हे आपण बाटलीत दर हिवाळ्यात पाहतो. इथे तेच होतं. ही साय अलगद काढून उरलेली साखर आणि मीठ घाला आणि अगदी मंद आचेवर, साखर विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी आणू नका, तेल सुटेल. निवल्यावर पुन्हा गार करा. झाला तुमचा घरचा 'कोको लोपेझ'! खाली राहिलेलं पातळ दूध फेकू नका, तेही गार असू द्या.

प्यायच्या वेळी अननसाच्या फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवा. निम्म्या फोडी मिक्सरमध्ये घालून, चालू-बंद चालू-बंद करत फिरवा. मग निम्मी साय, लिंबाचा रस आणि लागेल तसं पातळ दूध चमच्याचमच्याने घाला. पातं फिरण्यापुरतंच घाला हो, नाहीतर सरबत होईल. चमच्यावरून संथ ओघळेल असं झालं की थांबा. उरलेलं तसंच करा. ग्लासही आधी गार करून ठेवा.

थोडं 'का' विषयी

मी अर्धवेळ शिक्षिका, तेव्हा कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कारण कळलं की कृती पाठ करावी लागत नाही.

बर्फ का नको? बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं आणि शेवटचा घोट बेचव लागतो. फळच गोठवलं की वितळल्यावरही त्याचा रसच होतो. शिवाय कठीण बर्फाने घरगुती मिक्सर तापतो, तो त्रासही वाचतो.

साखर जास्त का वाटते? जीभ गार पडली की गोडी कमी कळते. म्हणून मिश्रण साधं चाखताना जरा जास्त गोड लागलं, तर गोठल्यावर बरोबर लागतं. साखरेमुळे ते दगडासारखं घट्टही होत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळजणी नारळाचं दूध काढायच्या कंटाळ्याने गाईचं दूध, साय किंवा व्हॅनिला आइस्क्रीम घालतात. मग थोड्या वेळाने तेच पेय कडू लागतं. दोष दुधाचा नसतो. कच्च्या अननसात ब्रोमेलिन नावाचा पाचक पदार्थ असतो, तो दुधातली प्रथिनं तोडतो. जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते तीही बरीचशी त्यामुळेच. गोठवल्याने तो मरत नाही, शिजवल्याने मात्र निकामी होतो. तेव्हा आइस्क्रीमच घालायचं असेल, तर फोडी आधी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून, निववून मग गोठवा. डब्यातला अननसही चालतो, तो शिजलेलाच असतो. नारळाचं दूध घातलं तरी पेय करून ठेवू नका, केल्याबरोबर प्या.

वीज गेली तर

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. गेली, तर फ्रीजचं दार उघडून उघडून बघू नका. बंद राहिल्यास फोडी बराच वेळ टिकतात. पूर्ण वितळल्या तर पुन्हा गोठवण्याऐवजी त्यांचं सरबत करून टाका. नारळाचं दूध उन्हाळ्यात फार लवकर नासतं. ते बाहेर ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.

गोठवायचा कप्पाच नसेल, तर जुना आइस्क्रीमचा पॉट माळ्यावरून काढा. अननसाचा गाळलेला रस, साय, साखर, लिंबू डब्यात घाला. बाहेर तीन-चार भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ भरा आणि अर्धा तास फिरवा. मिठाने बर्फ शून्याच्याही पुष्कळ खाली जातो, म्हणून गोड रस गोठू लागतो. नुसत्या बर्फाने तो गोठत नाही. बाजारचा बर्फ मात्र डब्याबाहेरच राहू द्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे. तो बर्फ ग्लासात कधीच घालू नये.

काय उरलं?

पिळलेल्या खोबऱ्याचा चोथा कढईत कोरडा भाजून सुक्या चटणीला किंवा भाजीच्या वाटणाला वापरा. अननसाची सालं स्वच्छ धुतलेली असतील, तर आल्याच्या तुकड्याबरोबर उकळून, गाळून, गूळ घालून छान सरबत होतं.

हे पेय रोजचं नाही, हेही लक्षात असू द्या. नारळाची साय पचायला जड आणि साखरही बरीच. घरात मधुमेह असलेल्यांना पूर्ण ग्लास नको. त्यांच्यासाठी साखर न घालता, चार घोटांपुरतंच काढा आणि तेही रोजच्या आहारात धरूनच.

आता राहिली ती रम

रमविना याची चव उणी पडते का? मुळीच नाही. दाटपणा नारळाचा, आंबटगोडपणा अननसाचा, गारवा गोठवलेल्या फळाचा. रमेचा यातल्या कशातच हात नाही. उलट हेच पदार्थ रमेला झाकून टाकतात. गोड, गार आणि दाट पेयात मद्याची उग्र चव फारशी कळतच नाही, आणि धोका तिथेच आहे.

आमच्या शाळेतल्या मुली दहावी-बारावीनंतर शिकायला बाहेरगावी जातात. कुणी वसतिगृहात राहते, कुणी नोकरीला लागते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला हॉटेलात जाणं होतं आणि हा पिवळा, देखणा ग्लास पुढे येतो. चवीवरून ओळखू, असं म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून मुलींना आणि मुलांनाही आपण दोन गोष्टी सांगून ठेवू या. कार्डावर 'मॉकटेल' किंवा नावाआधी 'व्हर्जिन' असेल, तर ते बिनमद्याचं. नुसतं 'कॉकटेल' असेल, तर त्यात मद्य आहे असं धरून चालावं. आणि काहीही लिहिलेलं असो, वाढणाऱ्याला स्पष्ट विचारावं, "यात दारू आहे का?" विचारण्यात कसली लाज? आपल्या राज्यात बियर आणि वाइनसाठी २१ वर्षं, तर रमेसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, हेही त्यांना माहीत हवं.

'असल्या गोष्टींचं नाव घरात नको' असं म्हणून भागत नाही. नाव त्यांना बाहेर कळतंच. त्यापेक्षा ज्या दिवशी मुलं 'ते कर ना' म्हणतील, त्या दिवशी त्यांनाच नारळ खवायला बसवा, आणि खवता खवता ही सगळी कुळकथा, रमेसकट, सांगा. हाताला काम असलं की मुलं ऐकतात. उपदेश म्हणून सांगितलं, तर उठून जातात.

शेवटी एक सूचना, तीही कृतीचाच भाग समजा. हे पेय दहा मिनिटांत पातळ होतं. आधी सगळ्यांना देऊन, ओटा आवरून, मग मी घेते, असं म्हणाल तर तुमच्या वाट्याला कोमट सरबत येईल. तेव्हा ग्लास एकदमच भरा, आपलाही भरा आणि सगळ्यांबरोबर बसून प्या. मिक्सरचं भांडं तेवढा वेळ वाट पाहील.