जयभीम म्हणा, पण सात-बारा मागा

आमचा भाचा नांदेडला जिल्हा परिषदेत लिपिक आहे. नोकरीला सहा वर्षे झाली, लग्न झाले, एक मुलगी झाली; राहतो मात्र अजून भाड्याच्या दोन खोल्यांत. मागच्या महिन्यात तो पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, "मामा, तरोड्याच्या पुढे प्लॉट बघितला. उद्या पन्नास हजार इसार देऊन टाकतो."

आम्ही विचारले, "सात-बारा बघितला का?"

"अजून नाही. पण एजंट आपलाच माणूस आहे. जयंतीच्या कमिटीत असतो. भेटला की आधी जयभीम करतो."

आमच्या हातातला पेढा हातातच राहिला. कारण हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घरी बोललो होतो, आणि त्याची किंमत मोजली होती.

गोष्ट २००६ सालची. २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होणार होता. शहरात रस्ते रुंद होत होते, पूल बांधले जात होते आणि शहराभोवतीच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडत होत्या. मोटारसायकल, मोबाईल आणि काखेत नकाशाची गुंडाळी असलेला प्रत्येक माणूस तेव्हा एजंट होता. आमचाही एक होता, ओळखीचा, आपल्या समाजाचा. त्याने वीस बाय चाळीसचा प्लॉट दाखवला. "सोहळा होऊ द्या, भाव दुप्पट होतो," म्हणाला. आम्ही भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलले, शंभर रुपयांच्या बॉण्डवर नोटरी केली आणि प्लॉटमालक झाल्याच्या आनंदात घरी आलो. दोन वर्षांनी पाया खोदायला गेलो तर त्याच नंबरच्या प्लॉटवर दुसरे एक कुटुंब आमच्यासारखाच बॉण्ड घेऊन उभे! तलाठ्याकडे गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्या जमिनीचा सात-बारा पाहिला. जमीन चार भावांच्या नावावर, बॉण्डवर सही एकाचीच. आणि वर शेरा होता : महार हाडोळा इनाम, भोगवटादार वर्ग दोन.

म्हणजे आमच्याच पूर्वजांच्या वतनाची जमीन, आमच्याच माणसाने, आम्हालाच कागदाशिवाय विकली होती. एजंटाला गाठले तर तो म्हणाला, "मी तर फक्त मध्ये होतो."

हाडकी-हाडोळा म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गावकीची राबणूक केल्याच्या बदल्यात मिळालेला तो तुकडा. या वतनाने महारांना गुलाम करून ठेवले हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे वतने-इनामे कायद्याने गेली, राबणूक संपली, जमिनी उरल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरी शहर वाढत जाते तसे सर्वांत आधी डोळे वळतात ते या जमिनींकडे. २०२५ साली पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या चाळीस एकरांच्या व्यवहाराने राज्य गाजले. तिथे कोट्यवधींची उलाढाल होती, आमच्याकडे वीस बाय चाळीसचा तुकडा. पण आमच्या घरातले ते सगळेच होते.

घर या गोष्टीचे आपल्या समाजात वेगळे मोल आहे. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशाच्या वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरला 'राजगृह' उभे केले. आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर अजून ताजी आहे. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवे मारले गेले. त्या दिवसांत जळक्या घरातून भांडीकुंडी घेऊन कितीतरी माणसे शहराच्या कडेला आली आणि पत्र्याखाली राहिली. त्यांची मुले शिकली, त्यांच्या नातवंडांना नोकऱ्या लागल्या. आज जो तरुण बँकेत गृहकर्जाचा अर्ज भरतो आहे, त्याच्या खानदानात खरेदीखतावर सही करणारा तो पहिलाच माणूस आहे.

इथेच खरी अडचण आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी आहेत त्यांच्या पोराला फेरफार म्हणजे काय, बोजा म्हणजे काय, हे जेवता जेवता कळते. आपल्या पोराला ते कोण सांगणार? बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात काम केले, सात-बाराचा कागद कधी हातात धरला नाही. मग हा पोरगा पदवी असूनही ओळखीवर विसंबतो. एजंट निवडताना कागद न पाहता 'जयभीम' ऐकतो.

आता परिस्थिती बदलली आहे, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. आमच्या वेळी एजंटाला ना परवाना होता ना जबाबदारी. २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला, २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावीच लागते. नोंदणी नसलेला प्रकल्प विकायला त्याला बंदी आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या लहान प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. खोटी माहिती देऊन गिऱ्हाईक गळाला लावणे हा नियमभंग आहे, आणि बुकिंगच्या वेळी सर्व कागदपत्रे मिळवून देणे हे एजंटाचे कर्तव्य आहे. कायदा मोडला तर दिवसाला दहा हजार रुपये याप्रमाणे घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ पासून तर एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची होऊ लागली. "मी तर फक्त मध्ये होतो" हे उत्तर आता चालत नाही. पण हे त्याला ऐकवायचे तर आधी आपल्याला माहीत पाहिजे.

म्हणून भाच्याला आम्ही एजंटासाठी पाच प्रश्न लिहून दिले. तेच इथे देतो.

पहिला प्रश्न : तुमचा महारेरा क्रमांक काय? एजंटाचा क्रमांक इंग्रजी 'ए' या अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. दोन्ही मोबाईलवर महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. जुने घर मालकाकडून थेट विकत घेताना हा कायदा लागू होत नाही, तिथे पुढचे चार प्रश्न अधिक जोराने विचारावेत.

दुसरा प्रश्न : तुम्ही कोणाचे एजंट? दलाली साधारण एक-दोन टक्के असते, पण बरेचजण दोन्हीकडून घेतात. विकणाऱ्याकडून पैसे घेणारा माणूस आपल्यासाठी भाव कशाला पाडेल? म्हणून दलाली किती, कोणाकडून आणि कधी, हे लिहून घ्यावे. ती दस्त नोंदवल्यावरच द्यावी.

तिसरा प्रश्न : कागद कुठे आहेत? सात-बारा, फेरफार, अकृषिक आदेश, मंजूर लेआऊट. बांधलेले घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. "गुंठेवारी होऊन जाईल" हे वाक्य नांदेड-लातुरात हजारदा ऐकू येते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. त्यानंतरच्या चुन्याच्या रेघांना तो कसा लागू होणार? 'होऊन जाईल' नको, झालेले प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. आणि वकील आपला असावा, एजंटाने आणलेला नव्हे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुने कागद उर्दूत सापडतात. ते वाचणारा माणूस शोधावा, दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

चौथा प्रश्न : पैसे कोणाच्या खात्यात? इसार जमिनीच्या मालकाच्या खात्यात, चेकने. एजंटाच्या हातात रोख एक रुपयाही नको. बिल्डरला तर करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. "लोनच्या भानगडीत पडू नका, रोखीत स्वस्त देतो" असे कोणी म्हणाला की समजावे, बँकेच्या वकिलाने हे कागद पाहू नयेत अशी त्याची इच्छा आहे.

पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : तुम्ही आम्हाला काय दाखवले नाही? एजंट आधी बजेट विचारत नाही, आडनाव विचारतो. कांबळे, वाघमारे, सोनकांबळे म्हटले की त्याची मोटारसायकल शहराच्या ठरावीक बाजूलाच वळते. "तिकडे तुम्हाला करमणार नाही", "तिकडचे लोक वेगळे आहेत", "इकडे आपलीच वस्ती आहे" असे गोड बोलून तो गावकुसाची रेघ शहरात पुन्हा ओढतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर नाव कळताच दलित आणि मुसलमान भाडेकरूंना नकार किंवा जाचक अटी कशा मिळतात, हे त्यात दिसले. राजधानीत हे घडते तर नांदेडात घडत नसेल काय? आपल्या वस्तीत राहणे आपल्या आवडीने असेल तर उत्तमच. पण ती निवड आपली हवी, एजंटाची नव्हे. आणि हो, उन्हाळ्यात दाखवलेली जागा पावसाळ्यातही पाहून यावी. गोदावरी आणि आसना यांच्या पुराचे पाणी कुठवर येते हे तिथल्या चहावाल्याला विचारावे आणि पूररेषेचा नकाशा महापालिकेत पाहावा. स्वस्त प्लॉट कधी कधी पाण्यामुळे स्वस्त असतो.

यावर काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतील, आपल्याच माणसांवर संशय घ्यायला शिकवता काय? आम्ही म्हणतो, होय, कागदाच्या बाबतीत शिकवतो. तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. जिथे बुद्धाने स्वतःलाही तपासणीतून सूट घेतली नाही, तिथे प्लॉटचा एजंट कोण लागून गेला? प्रामाणिक एजंट असतात, आपल्या समाजातही आहेत. पण प्रामाणिक माणसाला सात-बारा मागितल्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या रागातच उत्तर आहे. 'जयभीम' ही आपल्या स्वाभिमानाची ओळख आहे. तिचा इसारपावतीसारखा वापर करणारा माणूस चळवळीचा नाही, धंद्याचा आहे.

एवढे सांगून थांबणे बरोबर नाही. नांदेड-लातूरच्या प्रत्येक मोठ्या वस्तीत बुद्धविहार आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एखादा वकील आणि एखादा निवृत्त तलाठी तिथे बसवा. घर घेऊ पाहणाऱ्यांनी आपले कागद आणावेत आणि सर्वांसमोर वाचावेत. सात-बारा कसा वाचायचा हे बायकांनाही शिकवा, कारण घर त्यांच्याही नावावर झाले पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात केवळ महिलेच्या नावाने घराचे खरेदीखत झाले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. आपण खरेदीखतावर बायकोचे नाव घालायला का कचरावे? आणि आपल्या बेरोजगार पदवीधरांनी ती एजंटाची परीक्षा देऊन नोंदणी करावी. समाजाला 'आपला माणूस' हवाच आहे, पण तो क्रमांक छातीवर लावून फिरणारा हवा.

भाच्याचे काय झाले ते सांगून थांबतो. त्याने इसार दिला नाही, पाच प्रश्न दिले. एजंट आधी चिडला, "आपल्या माणसावर विश्वास नाही का?" म्हणाला. चार दिवसांनी सात-बारा आला. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेच्या कर्जाचा बोजा होता. व्यवहार थांबला, पन्नास हजार वाचले. भाचा आता दुसरीकडे घर पाहतो आहे. महारेराचा क्रमांक आधी, चहा नंतर, असा त्याने नियमच केला आहे. तो जुना एजंट रस्त्यात भेटला की अजूनही जयभीम करतो, फक्त थोडा हळू आवाजात. भाचा मात्र पूर्वीइतक्याच मोठ्याने उत्तर देतो.