आवाज गेला, गाणे राहिले

रेडिओवर असो की टीव्हीवर, शास्त्रीय गाणे लागले की आपल्या घरांतून लगेच बटण फिरते. दिवसभर फौंड्रीत उभे राहून आलेल्या माणसाला तासाभराचा आलाप नको वाटतो, यात त्याचा दोष नाही. पण ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, त्याच कोल्हापूरच्या दरबारात एक गवई होते. त्यांची हकीकत, गाण्यातले ओ की ठो कळत नसले तरी, वाचकांनी वाचावी असे आम्हाला वाटते. ते म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उणियारा येथला. वडील लवकर गेले. चुलते जहांगीरखाँ यांनी शिकविले. घरात धृपद चाले. धृपद म्हणजे ख्यालापेक्षाही जुने, पखवाजाच्या साथीने गायचे भारदस्त गाणे. त्याचे दिवस तेव्हा सरत आले होते. मैफलीत लोक ख्याल मागत, आणि म्हातारा गवई गेला की त्याच्याबरोबर कितीतरी जुने राग आणि बंदिशी मातीत जात. जे होते ते सारे कंठात.

आणि नेमका तो कंठच गेला! आमलेट्याच्या संस्थानिकापुढे दिवसचे दिवस गावे लागले आणि खाँसाहेबांचा आवाज बसला. गवयाचा आवाज म्हणजे सुताराचा हात. बराच काळ गाणे बंद राहिले. पुढे आवाज परतला, पण तो पूर्वीचा नव्हता. तेव्हा त्यांनी रडत न बसता, त्या आवाजाला पेलेल असे गाणे नव्याने बांधले. सावकाश, मात्रेमात्रेला धरून चालणारी लय, लांब दमसास, सरळ न जाता वळसे घेत जाणारी तान. जुन्या धृपदांतला ऐवज त्यांनी ख्यालात आणला. खोकर, सावनी, बिहागडा, संपूर्ण मालकंस असे क्वचित ऐकू येणारे राग या गायकीची ओळख ठरले. तिलाच आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात.

१८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई म्हणून ठेवून घेतले. १९२२ साली महाराज निवर्तले, तोवर ते कोल्हापुरातच होते. पोटाची चिंता मिटली म्हणूनच एवढे काम हातून झाले, असे आमचे मत आहे.

विद्या मात्र ते फार जपून देत. स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी त्यांनी निघू दिली नाही. हे आम्हाला पटत नाही. विद्या कोंडून ठेवली की काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? पण ज्यांना दिली, त्यांतली दोन नावे पाहा : केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघी गोव्याच्या, कलावंत समाजाच्या. त्या घरच्या मुलींनी देवळात आणि धनिकांच्या बैठकीत गावे, मान मात्र मागू नये, अशी तेव्हाची रीत. सांगलीत मोगूबाईंचा रियाज कानी पडला आणि खाँसाहेब आपण होऊन शिकवू लागले. केसरबाईंना १९२१ पासून त्यांनी कठोर तालीम दिली. गुरूची तबकडी नाही, पण १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे.

महाराजांच्या पश्चात खाँसाहेब मुंबईला गेले. १९४६ साली तिथेच वारले. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ मात्र कोल्हापुरात राहिले आणि १९५० साली जाईपर्यंत शिकवीत होते. त्यांच्यापाशी बसून शिकलेल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी पुढे केसरबाईंकडेही शिकल्या आणि २०१४ पर्यंत हयात होत्या.