दत्तक गेलेल्या लेकराला पाहायला कोण जाते?

नालंदा हे नाव आपल्या घरांना नवे नाही. भिक्खूंचे प्राचीन विद्यापीठ म्हणून शाळकरी पोरांनाही ते ठाऊक असते. त्याच नालंदा जिल्ह्यातल्या एका अनाथाश्रमातून २०१६ साली एक चिमुकली अमेरिकेत दत्तक गेली. आश्रमात तिला सरस्वती म्हणत. नव्या घरी ती शेरीन झाली. पुढच्याच वर्षी, २२ ऑक्टोबर २०१७ रोजी, टेक्सास राज्यातील रिचर्डसन या शहरात रस्त्याखालच्या एका मोरीत तिचे प्रेत सापडले. वय तीन वर्षे.

शेरीन मॅथ्यूजची ही बातमी तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत गाजली आणि मागे पडली. आम्ही ती आज पुन्हा काढतो आहोत. दत्तक घरात छळ होऊन मेलेल्या आणखी काही मुलांच्या हकिकती तिच्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एकच गोष्ट वारंवार समोर आली. यांतल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत बाहेरच्या कुणी ना कुणी वेळेवर काहीतरी पाहिले होते. काहींनी तर सरकारी खात्याला कळवलेही होते. आणि तरीही मूल त्याच घरात राहिले.

एक खुलासा आधीच केलेला बरा. दत्तक घेणे हे चांगले काम आहे. आपल्या वस्त्यांत अशी किती तरी घरे आहेत, जिथे दत्तक आलेली लेक शिकून नर्स झाली, शिक्षिका झाली, आणि म्हातारपणी तिनेच आईबापांना सांभाळले. आमचा रोख त्या घरांवर नाही. मूल एकदा कागदावर सही होऊन दिले की जबाबदारी संपली असे मानणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

शेरीनला दत्तक घेणारे जोडपे मूळचे केरळचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. त्यांना स्वतःची एक मुलगी होती. ७ ऑक्टोबर २०१७ च्या सकाळी बापाने पोलिसांना कळवले की मुलगी हरवली. त्याचे म्हणणे असे की, ती दूध पीत नव्हती, म्हणून पहाटे तीनच्या सुमारास शिक्षा म्हणून तिला घरामागच्या झाडापाशी उभे केले आणि थोड्या वेळाने पाहिले तर ती नव्हती. तीन वर्षांचे लेकरू, रात्रीचे तीन, आणि बाहेर उभे करायचे! प्रेत सापडल्यावर त्याने जबाब फिरवला. आता तो म्हणाला, गॅरेजमध्ये दूध पाजताना तिला ठसका लागला आणि ती गेली. जून २०१९ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. आईवर मुलीला धोक्यात टाकल्याचा आरोप होता, तो पुराव्याअभावी मार्च २०१९ मध्ये मागे घेण्यात आला.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीची आहे. लहान मुलांच्या एका डॉक्टरने न्यायालयात साक्ष दिली की शेरीनच्या अंगावर हाडे मोडल्याच्या अनेक खुणा होत्या, त्या वेगवेगळ्या वेळच्या होत्या, आणि त्या इजा ती भारतातून आल्यानंतरच्या होत्या. म्हणजे एक्स-रे निघाले होते. डॉक्टरांना शंका आली होती. तिथल्या बालसंरक्षण खात्याचा त्या घराशी आधी संबंध आला होता, हे त्या खात्यानेच नंतर मान्य केले. तरी मूल त्याच घरात राहिले.

आणि आपल्या बाजूचे काय? परदेशात गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी दिल्लीला यावा, असा आपला नियम आहे. तो अहवाल पाठवायचा कुणी? तिथल्या ज्या संस्थेमार्फत मूल गेले तिनेच. ज्याने सोयरीक जुळवली त्यालाच नंतर विचारायचे, पोरगी सुखात आहे ना? तो काय सांगणार! शेरीन गेल्यावर आपल्या सरकारने त्या संस्थेचे काम थांबवले, जोडप्याचे पासपोर्ट रद्द करण्याची पावले उचलली, आणि दत्तक जाणाऱ्या मुलांच्या पासपोर्टसाठी महिला व बालविकास मंत्रालयाची संमती आवश्यक केली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः त्यात लक्ष घातले. हे सगळे लेकरू गेल्यानंतरचे.

आता दुसरी हकिकत. ती ऐकताना आम्हाला जास्त त्रास झाला. अमेरिकेतच हार्ट नावाच्या घरात दोन गोऱ्या स्त्रियांनी मिळून टेक्सासमधली सहा मुले दत्तक घेतली होती. तीन भावंडांची एक फळी, तीन भावंडांची दुसरी. दुसऱ्या फळीतली भावंडे कृष्णवर्णीय. ती आपल्या सख्ख्या आत्याकडे काही महिने राहिली होती. आत्याला ती हवी होती. तिच्याकडून चूक एवढीच झाली की कामावर जाताना तिने मुलांना त्यांच्या जन्मदात्या आईपाशी ठेवले, आणि न्यायालयाने त्याला मनाई केली होती. सरकारी बाई अचानक तपासणीला आली, तिने ते पाहिले, आणि मुले उचलली गेली. आत्या कोर्टात भांडली, पण हरली. मुले हजार मैलांवर मिनेसोटा राज्यात गेली.

जिला रोज कामाला जावे लागते, तिने मूल कुणाच्या तरी भरवशावर ठेवले म्हणून ती नालायक ठरली. आमच्या वाचक भगिनींपैकी कितीजणी रोज हेच करतात? शेजारणीपाशी, सासूपाशी, मोठ्या लेकीपाशी मूल ठेवूनच आपली बाई कारखान्यात, धुण्याभांड्याला, नगरपालिकेच्या झाडूकामाला जाते. तिथल्या खात्याची नजर गरीब आत्याच्या घरात किती तीक्ष्ण होती ते पाहा. आणि आता पुढे तीच नजर कशी मंदावली तेही पाहा.

मिनेसोटात सहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत बाईंना पोटावरचे नि पाठीवरचे वळ दाखवले. घरी तिच्या खिशात एक सेंट, म्हणजे आपल्याकडच्या पैशासारखे नाणे, सापडले म्हणून तिला मारले होते. २०११ मध्ये दोघींपैकी एकीला त्याबद्दल दोषी ठरवले गेले. शिक्षा नावापुरती. त्यानंतर त्या दोघींनी काय केले? साही मुलांची नावे शाळेतून काढली आणि घरीच शिकवतो म्हणून सांगितले. वळ पाहणारे डोळेच बंद झाले. पुढे घर ऑरेगन राज्यात गेले. २०१३ मध्ये तिथेही तक्रार झाली. मिनेसोटाच्या एका कर्मचाऱ्याने ऑरेगनला सावध केले होते की या बायका वरवर अगदी नीटनेटक्या दिसतात, फसू नका. तपासणीत साहापैकी पाच मुले वयाच्या मानाने फारच खुजी नि हडकुळी निघाली. मुलांनी तोंड उघडले नाही. निर्णय देता येत नाही असा शेरा मारून फाईल बंद झाली.

या मुलांपैकी डेव्होंटे नावाच्या मुलाचा चेहरा सगळ्या जगाने पाहिला होता. २०१४ मध्ये पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या निदर्शनात रडत रडत एका गोऱ्या पोलिसाला मिठी मारणारा काळा मुलगा, तो हाच. ते छायाचित्र लोकांनी प्रेमाचे प्रतीक म्हणून घरोघर पोचवले. त्याच मुलाने मार्च २०१८ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या नव्या घरी, शेजाऱ्यांचे दार पुन्हा पुन्हा ठोठावून खायला मागितले. कुंपणापाशी ठेवा, आईला सांगू नका, म्हणाला. शेजाऱ्यांनी २३ मार्चला खात्याला फोन केला. खात्याचा माणूस आला, दार वाजवले, कुणी उघडले नाही, तो चिठ्ठी ठेवून गेला. तीन दिवसांनी, २६ मार्चला, कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या सुमारे शंभर फुटी कड्यावरून त्यांची मोटार खाली कोसळली. दोघी बायका आणि साही मुले गेली. ती मोटार मुद्दाम लोटली गेली असा निर्णय २०१९ मध्ये तिथल्या चौकशीत झाला. डेव्होंटेचे प्रेत सापडले नाही.

तिसरी हाना विल्यम्स. इथिओपियातून २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात दत्तक आलेली, सुमारे तेरा वर्षांची. घरात जोडप्याची स्वतःची सात मुले. हानाला कोंदट कपाटात कोंडत, डोके भादरत, घराबाहेर जेवायला लावत. १२ मे २०११ च्या रात्री पावसात, थंडीत, अंगणात ती गारठून मेली. अंगात मांस उरले नव्हते. तीही शाळेत जात नव्हती. २०१३ मध्ये दत्तक आईला जवळजवळ ३७ वर्षांची आणि बापाला जवळजवळ २८ वर्षांची शिक्षा झाली. हानाच्या मृत्यूनंतर त्या राज्याने दत्तक मुलांच्या छळाची पंधरा प्रकरणे तपासून २०१२ मध्ये अहवाल काढला. जगापासून तोडणे, कोंडून ठेवणे, उपाशी मारणे, असे प्रकार त्यात पुन्हा पुन्हा आढळले. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंदच केले.

तिन्ही घरांत एक समान धागा आहे. शेरीनचे दूध, हानाचे ताट, डेव्होंटेची भूक. अन्न हीच शिक्षा! आणि तिन्ही ठिकाणी मोठ्यांची तक्रार एकाच सुराची: मूल हट्टी आहे, चोरते, खोटे बोलते, त्याला खाण्याचा काही तरी आजारच आहे. आम्हाला हे सांगायचे आहे की भुकेत वाढलेले मूल अन्न लपवते. उशीखाली भाकरी ठेवते, बिस्किटाचा पुडा दडवते, ताटातले झपाट्याने संपवते, किंवा उलट घासच गिळत नाही. आश्रमातून आलेल्या मुलांत हे नेहमी आढळते. ज्याने दुष्काळ पाहिला आहे, ज्याच्या आजीने शिळे तुकडे वाळवून ठेवले आहेत, त्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. भाकरी लपवणारे मूल चोर नसते. त्याला उद्याचा भरवसा नसतो. तो भरवसा यायला वर्ष लागेल, दोन लागतील, आणि तोवर ताट त्याच्यापुढून कधीच ओढायचे नाही.

हे सगळे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे दत्तकाचे दोन रस्ते आहेत. एक बाल न्याय कायदा, २०१५ चा. त्यात केंद्रीय दत्तक संस्थेकडे नाव नोंदवावे लागते, समाजसेविका घरी येऊन पाहणी करते, १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी व्हायची असते. दुसरा रस्ता १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. तो बौद्धांनाही लागू आहे. नाव खटकते, पण कायदा तसा आहे. (डॉ. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी रक्त आटवले आणि जे रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यात दत्तकाचे प्रकरण होतेच.) या कायद्याने भावाचे, बहिणीचे, दूरच्या नात्यातले मूल घेता येते. दस्त नोंदवला की झाले. घराची पाहणी नाही, नंतर कुणी येणे नाही. असे झालेले दत्तक रद्दही होत नाही. नात्यात देणेघेणे बहुधा प्रेमानेच होते, पण मुंबई-पुण्याला शिकायला म्हणून दिलेली पोर तिथे मोलकरीण झाल्याचेही आपण ऐकतो. तिला पाहायला कोण जाते? दस्तावर सही करणारा मामा? तो तर दिवाळीलाही जात नाही.

म्हणून नात्यातले मूल दिले असेल तर जन्मदात्यांनी आणि आजी-आजोबांनी जाणेयेणे तोडू नये. मूल शाळेत जाते का, हे त्याच्या वर्गशिक्षिकेला विचारावे. घरच्यांना विचारून काय समजणार? शाळेतून नाव अचानक काढले असेल, मूल फोनवर कधीच येत नसेल, कधी पाहावे तेव्हा झोपले आहे म्हणून सांगत असतील, तर त्याच आठवड्यात उठून जावे. आणि आपल्या चाळीत, वस्तीत असे मूल दिसले, भर उन्हाळ्यात पुऱ्या बाह्यांत वावरणारे, शेजारी खायला मागणारे, तर १०९८ हा क्रमांक फिरवावा. तो देशभर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आणि बालसंरक्षण कक्ष आहे. अंगणवाडी ताईला सांगितले तरी ती पुढे कळवू शकते. फोन केल्यावर चार दिवसांनी पुन्हा विचारावे, तुमचा माणूस आला का, त्याने मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले का, की दार वाजवून चिठ्ठी ठेवून गेला?