निकाहाआधीची भेट
मुस्लिम मुलामुलींनी लग्नाआधी एकमेकांना पाहूच नये, हा समज चुकीचा आहे. पैगंबरांचे सहकारी मुगीरा इब्न शुअबा यांनी लग्नाची मागणी घातली, तेव्हा ‘आधी मुलगी पाहून घे, त्याने दोघांत जिव्हाळा राहील’ अशा अर्थाचा सल्ला पैगंबरांनीच दिल्याची हदीस आहे. बहुतेक फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या मते चेहरा आणि हात पाहता येतात. मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू), शिक्षण, नोकरी, लग्नानंतर राहायचं कुठे, हे मोकळेपणी विचारावं. मात्र दोघांनी बंद खोलीत एकटं बसू नये. मुलीचा बाप, भाऊ किंवा मामा जवळपास हवा. एकाची मागणी चालू असताना दुसऱ्याने घालू नये, हाही दंडक. आणि नकाराचा हक्क मुलीलाही आहे, घरच्यांनी हे विसरता कामा नये: खन्सा बिन्त खिदाम यांचं वडिलांनी मनाविरुद्ध लावलेलं लग्न पैगंबरांनी रद्द केलं होतं.