पोपडे भिंतीचे, काळजी सगळ्यांची

मैत्रिणींनो, रांगतं मूल भिंतीला, जमिनीला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. जुन्या रंगात शिसं असेल, तर त्याची धूळ अशी पोटात जाते. त्यातलं शिसं मुलाच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट मुरतं. मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि वरून काही दिसतही नाही.

अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ साली बंदी आली. पण जुन्या भिंती राहिल्याच. मुलाचं रक्त आरोग्य खात्याकडे, धूळ पर्यावरण खात्याकडे, घर गृहनिर्माण खात्याकडे! म्हणून १९९७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मुलांसाठी या खात्यांना एका समितीत बसवलं. २००० साली शिशाविरुद्ध त्यांचा एकत्र आराखडा आला.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. जुन्या भिंतींवरचा रंग मात्र तसाच असतो. म्हणून आम्ही सांगतो: पोपडे कोरडे खरवडू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी मुलांचे हात धुवा. अंगणवाडीच्या भिंतीचे पोपडे निघत असतील, तर गटाने अंगणवाडीताई, आरोग्यसेविका आणि सरपंच यांना एकत्र बसवा.