कवळीची निवड : उरलेले दात व जबड्याचे हाड यांचा विचार

प्रस्तावना :
वार्धक्यात दात पडणे आपल्याकडे स्वाभाविक मानले जाते आणि 'आता कवळी करून घ्या' एवढ्यावर घरातील चर्चा संपते. प्राध्यापक बंधुभगिनींना हा प्रश्न प्रथम आईवडिलांच्या व पुढे स्वतःच्या संदर्भात सोडवावा लागतो. अशा वेळी किंमत आणि दिसणे या दोनच गोष्टी विचारल्या जातात. वस्तुतः कवळी कशाच्या आधारावर टिकणार, हा पहिला प्रश्न असावयास हवा. उपचाराचा निर्णय दंतवैद्यांचाच असतो. तथापि त्यांना काय विचारावे हे ठाऊक असल्यास तो निर्णय अधिक डोळसपणे घेता येतो.

खालच्या जबड्याचा प्रश्न :
वरची पूर्ण कवळी संपूर्ण टाळूवर पसरते. लाळेचा पातळ थर व कडांनी धरलेली पकड यांमुळे ती सहसा स्थिर राहते. खालची कवळी मात्र नालाच्या आकाराची असते. तिला आधार कमी मिळतो आणि जीभ तिला सतत हलवीत असते. त्यातच दात काढल्यानंतर त्यांना धरून ठेवणारे हाड झिजू लागते. टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ वर्षांच्या पाहणीत खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. पहिली कवळी उत्तम बसली आणि काही वर्षांनी केलेली दुसरी सैल वाटली, तर दोष दरवेळी करणाऱ्याचाच असतो असे नाही.

म्हणूनच 'दोनतीनच दात उरले आहेत, तेही काढून टाका म्हणजे एकदाच पूर्ण कवळी होईल' हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला तपासून घेणे आवश्यक ठरते. खालचे दोन सुळे जरी मुळाशी घट्ट असतील, तरी त्यांच्या मुळांवर उपचार करून, वरचा भाग कमी करून, त्यांवर कवळी बसविता येते. क्रम व रूनी यांच्या १९७८ मधील पाच वर्षांच्या अभ्यासात सुळे राखलेल्या रुग्णांच्या खालच्या जबड्याच्या पुढील भागातील हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांत हीच झीज ५.२ मिलिमीटर होती. अर्थात राखलेली मुळे रोज स्वच्छ ठेवावी लागतात, अन्यथा ती किडतात. हिरड्यांच्या रोगाने हलणारे दात राखण्यात मात्र अर्थ नसतो.

मुळेच शिल्लक नसतील तर इम्प्लांटचा, म्हणजे हाडात धातूचे खुंट रोवण्याचा, पर्याय उरतो. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, असे मत नोंदविले. खर्च मोठा आहे. शिवाय अनियंत्रित मधुमेह व तंबाखूचे व्यसन असल्यास इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका वाढतो.

काही दात शाबूत असताना :
अशा वेळी अंशतः कवळी करतात. ॲक्रिलिकची कवळी स्वस्त असते आणि पुढे आणखी एखादा दात पडल्यास तीत तो जोडता येतो. परंतु तिचा भार मुख्यतः हिरड्यांवर पडतो. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची ओतीव कवळी पातळ असून भार शेजारच्या दातांवरही टाकते, म्हणून ते दात मजबूत हवेत. लवचीक नायलॉनच्या कवळीत धातूच्या तारा दिसत नाहीत, हे तिचे आकर्षण. मात्र तिची दुरुस्ती कठीण असते. दात काढल्या दिवशीच बसविली जाणारी कवळी समाजात वावरणाऱ्यास सोयीची असली, तरी पहिल्या काही महिन्यांत हाड वेगाने झिजत असल्यामुळे तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते. हा खर्च आधीच विचारून घ्यावा.

आहार, उच्चार व अंतर :
शहादा-लोणखेडा परिसरात ज्वारीची भाकरी रोजची आणि ऊस शिवारातला. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या तुलनेत फारच कमी असतो. पुढच्या दातांनी ऊस सोलू गेल्यास कवळी मागून उचकटते. भाकरी मात्र कुस्करून, दोन्ही बाजूंनी चावून खाता येते. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांनी कवळीखालील जखमेकडे विशेष लक्ष द्यावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम 'कवळी लागते' म्हणून सोडून देऊ नये. गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल तर माप घेणेच अवघड होते, हेही दंतवैद्यास आरंभीच सांगावे.

अध्यापकांच्या दृष्टीने एक चाचणी उपयुक्त आहे. मेणात दात मांडून कवळी तोंडात पाहिली जाते, त्या वेळी साठ ते सत्तर हे आकडे मोठ्याने म्हणावेत. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना शिट्टी वाजत असेल किंवा दात एकमेकांवर आपटत असतील तर बदल तेव्हाच सुलभ असतो. 'चाक' आणि 'चार' यांतील 'च' वेगळे उमटतात का, हेही मराठीच्या शिक्षकाने ऐकून पाहावे.

पूर्ण कवळीसाठी साधारणतः चारपाच फेऱ्या लागतात आणि ती हाती आल्यावर टोचणाऱ्या कडा घासून घेण्यासाठी आणखी काही. धडगावच्या डोंगराळ भागातून शहाद्यास येणाऱ्या वृद्धासाठी हा खर्च कवळीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा. केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांबरोबर कृत्रिम दंतपंक्तींचाही समावेश आहे. काठी शिबिरात हाती देता येते, कवळीला मात्र प्रत्येकाचे माप व पुढील तपासणी लागते. तेव्हा माप देतानाच, कवळी टोचल्यास दंतवैद्य पुन्हा कोठे व कोणत्या दिवशी भेटतील, हे विचारून लिहून घ्यावे.