मानवी दातांच्या आकारातील परिवर्तन : प्रागैतिहासिक काळ ते आधुनिक काळ
(महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन पुराव्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मानवी उत्क्रांतीच्या अभ्यासात दातांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. शरीराच्या सर्व अवयवांत दात हा सर्वाधिक टिकाऊ अवयव होय. दाताचे बाह्य आवरण, म्हणजे एनॅमल, सुमारे ९६ टक्के खनिजद्रव्याने बनलेले असते. त्यामुळे हाडे मातीत विरून गेली तरी दात हजारो वर्षे शिल्लक राहतात. लातूर जिल्ह्यातील मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा व रानबैल यांसारख्या प्राण्यांचे जीवाश्म सापडले आहेत. आज या परिसरात नसलेल्या प्राण्यांची ओळख अशा अवशेषांवरून पटते व त्यांत दातांचा वाटा मोठा असतो. मानवाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

गेल्या काही हजार वर्षांत मानवाचे दात लहान व साधे होत गेले आणि जबडाही आखूड झाला. हा बदल सामान्यतः 'उत्क्रांती' या एकाच शब्दाने सांगितला जातो. तथापि दाताचा बदल व जबड्याचा बदल या दोन भिन्न गतीने घडणाऱ्या प्रक्रिया आहेत. त्यांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील उत्खननांचा आधार घेऊन किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) परिसरातील ज्वारीप्रधान आहाराच्या संदर्भात विषयाची मांडणी केली आहे.

आदिमानव ते आधुनिक मानव :

प्रौढ मानवास ३२ दात असतात : पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ व दाढा १२. ही संख्या वानर व मानव यांच्यात समान असून ती फार प्राचीन आहे. बदल झाला तो प्रामुख्याने आकारात. मानवाच्या पूर्वजांमध्ये प्रथम सुळे लहान झाले. पुढे आफ्रिकेतील काही शाखांमध्ये कठीण वनस्पतिज आहारामुळे दाढा प्रचंड मोठ्या झाल्या. या शाखा कालांतराने नष्ट झाल्या. मानव ज्या शाखेतून आला तिच्यात मात्र दगडी हत्यारे आणि नंतर अग्नी यांचा वापर वाढत गेला. अन्न तोंडात जाण्यापूर्वीच कापले, कुटले व शिजवले जाऊ लागल्याने मोठ्या दाढांची गरज कमी झाली.

भारतात मध्य प्रदेशातील हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. परंतु तो कवटीच्या वरच्या बाजूचा असल्याने दातांविषयी त्यातून माहिती मिळत नाही. दातांचा भरघोस पुरावा मिळतो तो मध्याश्मयुगापासून. उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय, महदहा व दमदमा येथील शिकारी-संग्राहक लोकांचे दात आकाराने मोठे, बरेच झिजलेले, परंतु फारच कमी किडलेले आढळतात.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सी. लोरिंग ब्रेस यांनी दात लहान होण्याच्या गतीचा अंदाज मांडला. त्यानुसार सुमारे एक लाख ते दहा हजार वर्षांपूर्वीच्या काळात दात दर दोन हजार वर्षांना साधारण १ टक्का लहान झाले. त्यानंतर ही गती दुप्पट होऊन दर हजार वर्षांना १ टक्का झाली. गती वाढली तो काळ आणि मातीची भांडी, दळण व शेती यांच्या प्रसाराचा काळ बहुतांशी एकच आहे. ही घट का झाली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मोठा दात टिकवून ठेवणारा निवडीचा दाब सैल झाला, असे ब्रेस यांचे मत होते. तर कीड लागण्यास कमी जागा देणारा लहान, साधा दात शेतीप्रधान समाजात अधिक उपयुक्त ठरला, असे इतर काही अभ्यासक मानतात.

आकारासोबत रचनाही साधी झाली. खालच्या दुसऱ्या दाढेवरील पाच उंचवट्यांऐवजी अनेक समूहांत चारच आढळतात. अक्कलदाढ तर अनेकांना येतच नाही. जगभरात पाचातील साधारण एका व्यक्तीत किमान एक अक्कलदाढ जन्मतः तयार होत नाही. मात्र प्रत्येक वैशिष्ट्याचा संबंध आहाराशी जोडता येत नाही. पूर्व आशियाई लोकांत पटाशीच्या दातांची आतील बाजू फावड्यासारखी खोलगट असते. त्याचा संबंध 'ईडीएआर' नावाच्या जनुकाच्या एका रूपाशी असून हेच जनुक केस व घर्मग्रंथी यांच्यावरही परिणाम करते. म्हणजेच दाताचे रूप काही वेळा दुसऱ्याच एखाद्या गुणाबरोबर बदललेले असू शकते.

इनामगावचा पुरावा :

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत समृद्ध पुरावा पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळाला. डेक्कन कॉलेजतर्फे १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगातील ही वसाहत इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यान माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांतून गेली. मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घरातील जमिनीखाली पुरण्याची येथील प्रथा होती. या प्रथेमुळे एरवी सहज नष्ट होणारे बालकांचे अवशेष व दुधाचे दात मोठ्या संख्येने सुरक्षित राहिले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा व दायमाबाद येथेही अशी दफने मिळाली आहेत. जोर्वे संस्कृतीचा विस्तार मराठवाड्यात पैठणजवळील आपेगावपर्यंत होता.

इनामगावच्या मानवी अवशेषांचा सविस्तर अभ्यास जॉन आर. लुकाक्स व सु. रा. वाळिंबे यांनी केला व तो १९८६ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. येथील लोक प्रामुख्याने सातूची शेती करीत. जोडीला कडधान्ये, पशुपालन, शिकार व मासेमारी होती. धान्य भरडण्यासाठी दगडी पाटे-वरवंटे वापरात होते. दगडावर भरडलेल्या पिठात दगडाची कच उतरते. जात्याला टाकी लावल्यानंतरचे पहिले दळण खाण्यास का वापरीत नाहीत, हे मराठवाड्यातील जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. अशा अन्नामुळे दातांचे माथे झिजतात. दुसरीकडे पिष्टमय अन्नामुळे कीडही वाढते. सिंधू संस्कृतीतील हडप्पा येथे तपासलेल्या दातांपैकी सुमारे ७ टक्के दात किडलेले होते. त्याआधीच्या शिकारी-संग्राहक लोकांत हे प्रमाण पुष्कळ कमी होते. कीड ही जुनी व्यथा असल्याने तिच्यावरील उपायही प्राचीन आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे ९ व्यक्तींच्या ११ दातांवर सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वी गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

एनॅमलमध्ये नोंदलेला ताण :

हाड आयुष्यभर झिजते व पुन्हा भरून येते. एनॅमलचे तसे नाही. ते एकदा तयार झाले की त्याची दुरुस्ती होत नाही. बालपणी दात घडत असताना कुपोषण किंवा आजार झाल्यास त्या वेळी घडणाऱ्या भागात खाच, रेघ किंवा खड्डा राहून जातो. इनामगावच्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवरील अशा खड्ड्यांचा अभ्यास लुकाक्स व वाळिंबे यांनी १९९८ मध्ये हवामान व निर्वाहपद्धतीतील बदलाच्या संदर्भात मांडला. इ.स.पू. १००० नंतर या भागात शेतीचा ऱ्हास झाला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या उत्तरकालीन बालकांची वाढ खुंटल्याचे दाखवले आहे.

हे तत्त्व वर्तमानालाही लागू पडते. कायमच्या पटाशीच्या दातांचे एनॅमल जन्मानंतर काही महिन्यांपासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत घडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा एक-दोन वर्षांच्या असलेल्या बालकांचे हे दात हिरडीखाली घडत होते. नंतरच्या महिन्यांत ज्या बालकांना दीर्घ आजार वा अन्नाची आबाळ सोसावी लागली असेल, त्यांच्या एनॅमलवर त्या काळाची खूण राहणे शक्य आहे. १९७२ च्या दुष्काळातील बालकांविषयीही हेच म्हणता येईल. तीन हजार वर्षांपूर्वीचे इनामगाव व आजचा मराठवाडा यांना जोडणारा दुवा केवळ अवर्षणाचा नाही. त्याची नोंद ठेवणारा अवयवही तोच आहे.

दात व जबडा : दोन भिन्न गती :

दाताचा माथा हिरडीबाहेर येण्यापूर्वीच पूर्ण घडलेला असतो. त्याचा आकार मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो व चावल्याने तो वाढत नाही. जबड्याचे हाड मात्र वाढीच्या वयात पडणाऱ्या भाराला प्रतिसाद देते. डॅनियल लिबरमन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हायरॅक्स या लहान सस्तन प्राण्यावर केलेल्या प्रयोगात, शिजवलेले मऊ अन्न खाणाऱ्या प्राण्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या व मागील भागाची वाढ कठीण अन्न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळली. रॉबर्ट कोरुचिनी व भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उत्तर भारतात केलेल्या पाहणीत चंदीगडमधील शहरी तरुणांत दातांची वेडीवाकडी ठेवण ग्रामीण पंजाबी तरुणांपेक्षा अधिक दिसली. एकाच प्रदेशातील या दोन गटांमधील फरक हजारो वर्षांच्या उत्क्रांतीने नव्हे, तर बालपणातील राहणीने पडतो, असे या पाहणीवरून अनुमान निघते.

दात हजार वर्षांत १ टक्का बदलतो. जबडा एका पिढीत बदलू शकतो. जुन्या मापाचे दात नव्या, आखूड जबड्यात बसवावे लागतात आणि त्यातूनच दातांची गर्दी व अडकलेली अक्कलदाढ या समस्या उद्भवतात. ज्वारीची भाकरी, भाजलेले हरभरे, हुरडा व दाताने सोललेला ऊस हा किल्लारी परिसरातील बालकांचा पूर्वापार आहार होता. बिस्किटे, पाव व तयार खाऊ यांचा आहारात शिरकाव झाल्याने चावण्याचे श्रम कमी होतात व साखरेचे प्रमाण वाढते. त्यामुळे जबड्याची वाढ व दातांचे आरोग्य या दोहोंवर एकाच वेळी परिणाम होतो.

चावण्याचा परिणाम उच्चारावरही झाला असावा, असे मत २०१९ मध्ये दामियान ब्लासी व सहकाऱ्यांनी मांडले. कठीण अन्न खाणाऱ्यांचे दात झिजून वरचे व खालचे पटाशीचे दात एकमेकांवर टेकतात. मऊ अन्नामुळे वरचे दात प्रौढपणीही किंचित पुढे राहतात आणि खालचा ओठ त्यांना सहज लागतो. संस्कृत व्याकरणात 'दन्तोष्ठ्य' म्हटलेल्या 'व'सारख्या ध्वनींचा प्रसार शेतीनंतर वाढला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते सर्वमान्य झालेले नसले तरी भाषा व मानवशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापकांसाठी विचारप्रवर्तक आहे.

निष्कर्ष :

१. दातांचा आकार लहान होणे ही दीर्घकालीन प्रक्रिया असून हत्यारे, अग्नी, दळण व शेती यांच्याशी तिचा निकटचा संबंध आहे.

२. 'पूर्वीच्या लोकांचे दात उत्तम होते' हा समज अर्धसत्य आहे. त्यांच्या दातांची ठेवण सरळ होती. पण झीज तीव्र होती व शेतीनंतर कीडही वाढली.

३. इनामगाव, नेवासा व दायमाबाद येथील बालकांच्या अवशेषांवरून दुष्काळ व आहारबदल यांचा बालशरीरावरील परिणाम अभ्यासता येतो.

४. जबड्याची घट ही प्रत्येक बालपणात नव्याने घडणारी बाब आहे. म्हणून वेड्यावाकड्या दातांना केवळ आनुवंशिकतेचे फळ मानणे योग्य नव्हे. दाढा आल्यावर मुलांना वयानुसार चावून खावे लागणारे अन्न देणे हा निर्दोष ठेवणीची हमी देणारा उपाय नसला तरी तो कुटुंबाच्या आवाक्यातील आहे.

५. महाविद्यालयीन स्तरावर इतिहास, जीवशास्त्र, गृहविज्ञान व भाषाशास्त्र या विषयांना एकत्र आणणारा हा विषय आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी उपयुक्त ठरू शकतो. पुरातत्त्वीय अवशेषांतील दात आणि वर्गातील विद्यार्थ्यांचे दात हे एकाच अभ्यासाचे साहित्य आहे.